जुन्या घरगुती गाडीचे सस्पेन्शन बुश बदलताना : कोणता बुश कुठे आणि कसा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली आहे, शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवले आहेत, टायरही बदलून झाले आहेत, आणि तरीही खड्ड्यातून जाताना पुढच्या बाजूने ‘धप’ असा आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका अंगाला ओढते आणि सरळ रस्त्यावरही सतत सावरत राहावे लागते, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा सस्पेन्शनच्या बुशांत असतो. हे बुश, म्हणजे चाकाला धरणारे दांडे (आर्म) गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेले असतात तेथले धातू-रबराचे जोड, आकाराने लहान असतात, ते झिजतात हळूहळू आणि त्यामुळे चालवणाऱ्याला त्या बिघाडाची सवय होऊन जाते. ते बदलण्याचे काम अवघड नाही, परंतु ते चुकीच्या क्रमाने केले तर नवा बुश वर्षभरातच फाटतो. म्हणून बुश कसा चालतो, तो कोणत्या पदार्थाचा घ्यावा आणि बोल्ट केव्हा आवळावा, या तीन प्रश्नांची उत्तरे हातात पाना घेण्याआधीच पक्की असली पाहिजेत.

सर्वसाधारण बुशाचे तीन भाग असतात : बाहेरचे पोलादी कवच, जे आर्मच्या भोकात दाबून बसवलेले असते, आतली जाड नळी, जिच्यातून बोल्ट जातो, आणि या दोहोंच्या मधले रबर, जे कारखान्यात उष्णता देऊन दोन्ही धातूंना कायमचे चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी घट्ट पकडली जाते आणि मुळीच फिरत नाही. चाक वर-खाली होताना आर्म हलू शकतो, तो केवळ मधले रबर पिळले जाते म्हणून. बेअरिंगमध्ये असतो तसा सरकणारा पृष्ठभाग येथे नसतो, म्हणून या बुशाला तेल-ग्रीसही लागत नाही. पुढे सांगितलेले बहुतेक नियम या एकाच रचनेतून निघतात.

काळाच्या ओघात उष्णता, हवेतील ओझोन, रस्त्यावरचे पाणी आणि इंजिनातून ठिबकणारे तेल यांमुळे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी ते धातूपासून सुटते. तेल हा त्यातला सर्वांत मोठा शत्रू आहे. बुशाच्या वरच्या बाजूला इंजिनची किंवा गिअरबॉक्सची गळती असेल तर ती आधी बंद करावी, नाहीतर नव्या रबराचीही तीच गत होईल.

दोष नेमका कोठे आहे

आवाज आला म्हणून लगेच बुश विकत घेऊ नयेत, कारण बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला गोल फिरता जोड), स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारचा) लिंक रॉड आणि स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या एकत्रित खांबाचे) वरचे माउंट हेही जवळजवळ त्याच जागेवरून आवाज करतात. मोकळ्या जागेत गाडी अगदी सावकाश पुढे घेऊन ब्रेक दाबावा, मग मागे घेऊन पुन्हा दाबावा. दिशा बदलताना प्रत्येक वेळी एकच जड ठोका ऐकू आला तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या) मागच्या बुशावर पहिला संशय घ्यावा, कारण ब्रेकचा पुढे-मागे जाणारा भार तोच पेलतो. बारीक खडबडीत रस्त्यावर भराभर ‘खडखड’ होत असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचा बुश तपासावा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर वरून करकर येत असेल किंवा स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटत असेल तर ते वरच्या माउंटचे लक्षण आहे. चाक अधांतरी करून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, आणि डाव्या-उजव्या टोकाला धरल्यावर जाणवला तर टाय रॉडकडे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे) पाहावे.

त्यानंतर बुश प्रत्यक्ष पाहावा. गाडी स्टँडवर घेऊन, आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत लहान पहार घालून हलकेच नेट द्यावा आणि बॅटरीच्या उजेडात रबराकडे नजर ठेवावी. पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगा जुन्या रबरावर असतातच, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. रबर धातूपासून सुटून काळी फट उघडणे, आतली नळी मध्यभागावरून खाली सरकलेली दिसणे, किंवा रबराचा भुगा खाली पडलेला असणे, ही मात्र बुश संपल्याची खूण आहे. काही गाड्यांच्या मोठ्या बुशांत द्रव भरलेला असतो. अशा बुशाच्या खाली काळसर चिकट ओघळ दिसला तर रबर शाबूत वाटले तरी तो निकामी समजावा. टायरची आतली कड एका बाजूलाच झिजत असेल तर तीही नोंदवून ठेवावी, कारण काम झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करणाऱ्याला ती माहिती उपयोगी पडते.

रबर की पॉलियुरेथेन

‘अपग्रेड’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल, पिवळे किंवा निळे पॉलियुरेथेनचे बुश येतात, आणि ते सरसकट सगळीकडे बसवले की गाडी सुधारते असा समज आहे. माझे मत वेगळे आहे. कुटुंबाच्या गाडीसाठी कोणत्या बुशाचे काम काय आहे हे पाहून प्रत्येक जागेसाठी वेगळा निर्णय घ्यावा, आणि बहुसंख्य जागांवर तो निर्णय चांगल्या प्रतीच्या नव्या रबराच्या बाजूनेच लागेल. दहा वर्षे वापरलेल्या बुशाच्या जागी मूळ प्रतीचा नवा बुश आला की गाडीत पडणारा फरक इतका मोठा असतो की त्यापुढे कडकपणा वाढवण्याची गरज अनेकांना वाटत नाही.

रबराची आणि पॉलियुरेथेनची कठीणता शोअर ए या मापात सांगितली जाते. मूळ रबरी बुश साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतात, तर पॉलियुरेथेनचे बुश ७० पासून ९५ पर्यंत मिळतात. हा आकडा जसा वाढतो तसा बुश भाराखाली कमी दबतो, चाकाचे कोन वळणावर आणि ब्रेकखाली अधिक स्थिर राहतात आणि स्टिअरिंगला जाणवण्याजोगा नेमकेपणा येतो; पण त्याच वेळी रस्त्याचा आवाज आणि थरथर आत येऊ लागते. पॉलियुरेथेनला तेलाची भीती नसते आणि ते टिकतेही जास्त, हा त्याचा खरा फायदा आहे.

कठीणतेपेक्षा महत्त्वाचा फरक मात्र रचनेचा आहे. पॉलियुरेथेनचा बुश आतल्या नळीला चिकटवलेला नसतो. तो नळीभोवती फिरतो. एकाच अक्षावर सरळ फिरणाऱ्या जोडावर ही रचना उत्तम चालते. परंतु जेथे आर्म फिरता फिरता तिरपाही होतो, तेथे रबर सगळ्या दिशांना थोडे थोडे झुकून वाट देते आणि पॉलियुरेथेन ती देत नाही. मग जोड अडतो, आणि जो ताण बुशाने गिळायचा तो ब्रॅकेटवर आणि वेल्डवर जातो. जुन्या, थोड्या गंजलेल्या गाडीत हा धोका पत्करू नये.

या हिशोबाने स्टॅबिलायझर बारचे इंग्रजी ‘डी’ आकाराचे बुश हे पॉलियुरेथेनसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण आहे : ते बदलायला सोपे, आवाजावर परिणाम थोडा, आणि वळणावरचा झोल कमी झालेला लगेच कळतो. लोअर आर्मचा पुढचा बुश, जो मुख्यतः आडवा भार घेतो आणि सरळ अक्षावर फिरतो, तोही मध्यम कठीणतेच्या, म्हणजे ७५ ते ८० च्या आसपासच्या, पॉलियुरेथेनचा चालू शकतो. मागच्या मोठ्या बुशाबाबत जरा थांबावे. त्यात बहुधा मुद्दाम ठेवलेल्या पोकळ फटी असतात, कारण खड्ड्याचा धक्का बसल्यावर चाकाला किंचित मागे जाऊ देणे हेच त्याचे काम आहे. येथे एक मधला मार्ग आहे : एकाच मॉडेलच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत पुष्कळदा त्याच मापाचा, पण फटी नसलेला भरीव रबरी बुश असतो. भाग क्रमांक ताडून तो मिळाला तर स्टिअरिंगचा नेमकेपणा वाढतो आणि रबराचे गुणही कायम राहतात.

मागच्या बाजूला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध तुळईसारखा ॲक्सल असेल, तर त्याच्या बुशांना हात लावताना मूळ रबरच घ्यावे. हे बुश पुष्कळ गाड्यांत तिरके बसवलेले असतात आणि वळणावर ॲक्सल चुकीच्या दिशेला वळू नये म्हणून त्यांची लवचीकता ठरावीक दिशेला जाणूनबुजून कमी-जास्त ठेवलेली असते. तेथे कडक बुश घालणे म्हणजे कारखान्याने केलेला तो हिशोब पुसून टाकणे होय.

आणखी दोन गोष्टी खरेदीच्या वेळी पाहाव्यात. बॉल जॉइंट आर्मला रिव्हेटने जोडलेला किंवा आर्मचाच भाग असेल आणि त्यातही खेळ असेल, तर सुटा बुश न घेता नामांकित प्रतीचा संपूर्ण आर्म घेणे शहाणपणाचे, कारण प्रेसचे सगळे काम वाचते. मात्र नाव नसलेल्या स्वस्त आर्ममध्ये सर्वांत आधी बुशच जातात. आणि बुश नेहमी जोडीने, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे, बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर ब्रेकखाली गाडी एकीकडे ओढणारच.

तयारी

त्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल हे या कामातले पहिले हत्यार आहे. प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा ठरावीक जोर), बुशाची बसवण्याची दिशा आणि कोणते बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत हे त्यात दिलेले असते. ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवा असे लिहिलेले बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून ते एकदा काढले की नवेच घालावेत. नायलॉनचे कडे असलेल्या नटांनाही तोच नियम लावावा.

त्याखेरीज दोन भक्कम जॅक स्टँड, एक ट्रॉली जॅक, चाकांना लावायचे ठोकळे, गोटी पान्यांचा संच, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, बॉल जॉइंट सोडवण्याचे साधन, तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल, लोखंड कापायची करवत, छिन्नी, व्हर्निअर कॅलिपर आणि रंगाचा मार्कर लागतो. बुश काढायला-घालायला हायड्रॉलिक प्रेस असावा. घरगुती गाडीच्या आर्मला १० ते १२ टनांचा पुरतो. प्रेस नसेल तर १०.९ प्रतीचा (उच्च ताकदीच्या पोलादाचा) जाड आट्यांचा दांडा, जाड वॉशर आणि योग्य व्यासाच्या नळ्या यांच्या साह्याने बुश ओढून घेता येतो, किंवा फक्त आर्म सोडवून प्रेसच्या कामापुरता गॅरेजला नेता येतो. हा शेवटचा मार्ग पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी आवर्जून सुचवीन.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांच्या उघड्या आट्या ब्रशने घासून त्यांवर गंजाचे तेल सोडून ठेवावे. आणि गाडी अजून चाकांवर सपाट जागी उभी आहे तोवर एक माप घ्यावे : चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर, चारही चाकांचे. जमिनीपासून मोजू नये, कारण पुढे चाक काढलेले असताना हेच माप पुन्हा जुळवायचे आहे.

आर्म सोडवणे

मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत, मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून गाडी सांगाड्याच्या नेमून दिलेल्या जागी स्टँडवर टेकवावी आणि अंग लावून हलवून पाहावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. दोन्ही बाजू एकदम उचलण्याचे कारण असे की एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉड सोडताना अचानक उसळतो.

लिंक रॉड सोडवल्यावर बॉल जॉइंटचा बोल्ट काढावा आणि साधन लावून जॉइंट मोकळा करावा. हातोडीने ठोकून तो सुटतो खरा, पण रबरी टोपण फाटते आणि चांगला जॉइंट वाया जातो. जॉइंट सुटला की हब (चाक ज्यावर बसते तो भाग) मोकळा होऊन बाहेर झुकतो. त्याला लगेच तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावे, कारण तो बाहेर ओढला गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निखळू शकतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो.

आता बुशांचे बोल्ट. पुढच्या बुशाचा बोल्ट गिअरबॉक्सला किंवा इतर भागाला अडून पूर्ण बाहेर येत नाही, असे काही मॉडेलांत घडते. तेथे सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेले असतात ती सांगाड्याखालची वेगळी चौकट) काही इंच खाली घ्यावी लागते, आणि तसे असेल तर ते मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवावे. बोल्ट फिरवताना हाताला लवचीक, परत ओढल्यासारखे जाणवले तर समजावे की बोल्ट गंजून आतल्या नळीला चिकटला आहे आणि आपण रबरच पिळत आहोत. अशा वेळी जोर वाढवू नये. पुन्हा तेल सोडून, थोडे आवळून, थोडे सैल करून, असे पुढे-मागे करत राहावे, कारण दुसऱ्या टोकाचा नट सांगाड्याच्या आत वेल्ड केलेला असेल आणि तो आत तुटून फिरू लागला तर काम कित्येक पटींनी वाढते. काहीच हलत नसेल तर बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट कापणे हाच सरळ उपाय आहे. त्यासाठी नवा बोल्ट आधीच हाताशी असावा. उत्केंद्री वॉशरचे (ज्यांचे भोक मध्यभागी नसते), म्हणजे कोन जुळवण्याचे बोल्ट असतील तर काढण्यापूर्वी त्यांची जागा मार्करने खुणावून ठेवावी.

जुना बुश काढणे, नवा बसवणे

आर्म बाहेर आला की सर्वांत आधी दोन गोष्टी नोंदवाव्यात : बुश भोकात किती आत आहे हे कॅलिपरने, आणि त्याच्या फटी किंवा बाणाची खूण कोणत्या दिशेला आहे हे मार्करने, भोकाच्या कडेवर सरळ रेघ मारून. फटी ज्या दिशेला असतात त्या दिशेने बुश मऊ असतो. तो ९० अंश फिरून बसला तर जेथे मऊपणा हवा तेथे कडकपणा येतो आणि जेथे आधार हवा तेथे चाक डुलते. जुना बुश आधीच कोणीतरी चुकीचा बसवलेला असण्याची शक्यता लक्षात घेऊन ती खूण मॅन्युअलच्या आकृतीशीही ताडून घ्यावी.

दाबाचा भार नेहमी बुशाच्या बाहेरच्या कवचावर यावा. त्यासाठी एका बाजूला कवचापेक्षा किंचित लहान व्यासाची नळी ढकलायला, आणि दुसऱ्या बाजूला कवचापेक्षा मोठ्या व्यासाची नळी आर्मला टेकू द्यायला लागते. आतल्या नळीवर दाब दिला तर जुना बुश नुसता ताणला जातो. नव्या बुशाच्या बाबतीत तर रबर धातूपासून सुटते, आणि बाहेरून काही न दिसता तो बसवण्यापूर्वीच निकामी होतो. पत्रा दाबून केलेल्या आर्मच्या दोन पाळ्यांत मोकळी जागा असेल तर तेथे त्याच मापाचा लोखंडी तुकडा अडकवावा, नाहीतर प्रेसखाली आर्मच चेपतो.

बुश हटत नसेल तर रबराला भोके पाडून ते कापून काढावे, आतली नळी बाहेर घ्यावी आणि मग करवतीचे पाते उलटे आत घालून कवचाला लांबीच्या दिशेने एक चीर द्यावी. ही चीर कवचापुरतीच असावी. पाते आर्मच्या धातूला लागू लागले की करवतीचा आवाज आणि घास दोन्ही बदलतात. तेथेच थांबून छिन्नीने कवच आत दुमडावे, म्हणजे ते सहज निघते. रबर पेटवून बुश काढण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते, पण तिचा धूर विषारी असतो आणि ॲल्युमिनियमचा आर्म असेल तर उष्णतेने त्याची ताकदच कमी होते. ती टाळावी.

भोक तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश कागदाने चकचकीत करावे, कडेचा चुरा कानशीने घालवावा. नवा बुश काही तास फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो उपयोगी आहे, मात्र अपेक्षा माफक ठेवावी : ४० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कवच ४५ अंशांनी थंड झाले तर ते सुमारे ०.०२ मिलिमीटरच आकसते. तेवढ्याने सुरुवात सोपी होते, प्रेस टळत नाही. बुशाची तासलेली कड भोकाकडे करून, साबणाचे पाणी किंवा रबरासाठीचे वंगण लावून, खुणा जुळवून तो सरळ आत घ्यावा. पहिले दोन-तीन मिलिमीटर गेल्यावर थांबून चारही बाजूंनी पाहावे. तिरका शिरत असेल तर जोर न करता बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी. रबराला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये.

पॉलियुरेथेनचा बुश दोन अर्ध्यांत येतो आणि हाताने किंवा व्हाइसमध्ये दाबून बसतो. त्याच्या आतल्या बाजूला आणि नळीला सोबत मिळणारे सिलिकॉनचे ग्रीस भरपूर लावावे. ते कमी पडले तर काही आठवड्यांतच कुरकुर सुरू होते. बसवल्यावर नळीची टोके दोन्ही बाजूंना पॉलियुरेथेनच्या अगदी किंचित बाहेर आली आहेत का, हे नखाने चाचपून पाहावे. बोल्टाने नळी पकडायची असते आणि पॉलियुरेथेन तिच्याभोवती मोकळे फिरायचे असते. नळी आत राहिली तर ब्रॅकेट पॉलियुरेथेनलाच चिमटीत धरते आणि जोड जाम होतो.

बोल्ट केव्हा आवळावा

आर्म जागेवर लावताना बुशांचे बोल्ट फक्त टेकेपर्यंत फिरवावेत. बॉल जॉइंटचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला लगेच आवळण्यास हरकत नाही, कारण तेथे रबर पिळण्याचा प्रश्न नाही. बुशांचे बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्याखेरीज आवळू नयेत.

याचे कारण आकड्यांत पाहणे बरे. समजा लोअर आर्मची लांबी ३५० मिलिमीटर आहे आणि गाडी स्टँडवर असताना चाक नेहमीच्या उंचीपेक्षा ८० मिलिमीटर खाली लोंबते आहे. म्हणजे आर्म नेहमीच्या स्थितीपासून सुमारे १३ अंश खाली झुकलेला आहे. याच स्थितीत बोल्ट आवळला तर रबर ते १३ अंश हीच आपली शांत स्थिती मानते. गाडी जमिनीवर येताच ते १३ अंश पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. पुढे खड्ड्यात चाक आणखी वर गेले की पीळ दुप्पट होतो. अशा बुशाला काही महिन्यांतच कवचाजवळ भेग पडते, आणि दोष मात्र बुशाच्या कंपनीला दिला जातो. एवढेच नव्हे, तर सगळे पिळलेले बुश मिळून गाडीचा तो कोपरा थोडा वर धरून ठेवतात, त्यामुळे अलाइनमेंटची मापेही फसवी येतात.

सर्वांत चांगली पद्धत म्हणजे चाके लावून गाडी रॅम्पवर किंवा चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर उभी करणे, बॉनेटजवळ दाबून दोन-चार वेळा उसळवणे आणि मग खालून टॉर्क रेंचने बोल्ट आवळणे. ते शक्य नसेल तर गाडी स्टँडवरच ठेवून बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावावा आणि सुरुवातीला घेतलेले हब ते मडगार्ड हे माप जुळेपर्यंत सावकाश वर घ्यावा. समजा ते माप ३८० मिलिमीटर होते, तर ते पुन्हा ३८० झाले की बोल्ट आवळावा. हे करताना एक नजर स्टँडवर असावी. हलक्या गाडीत माप जुळण्याआधीच सांगाडा स्टँडवरून उचलला जाऊ लागतो, आणि तसे दिसताच जॅक खाली घेऊन पहिली पद्धतच वापरावी.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या माथ्यावरून ब्रॅकेटपर्यंत मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. पॉलियुरेथेनचे बुश नळीभोवती फिरत असल्यामुळे त्यांना ही उंचीची अट तितकीशी लागू नाही, तरी गाडीत दोन्ही प्रकारचे बुश मिसळलेले असतील तर सगळेच बोल्ट वजनाखाली आवळणे अधिक सुरक्षित.

स्टॅबिलायझर आणि मागचा ॲक्सल

स्टॅबिलायझरचे बुश बदलणे हे अर्ध्या दुपारचे काम आहे. बारचा व्यास गंज खरवडून कॅलिपरने मोजावा, कारण एकाच मॉडेलमध्ये १ मिलिमीटर कमी-जास्त व्यासाचे बार आढळतात, आणि सैल बुश आवाज करतो तर घट्ट बुश बार अडवतो. बुशाची चीर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बाजूला ठेवावी.

मागच्या टॉर्शन बीमचे बुश ॲक्सल पूर्ण न काढताही बदलता येतात : गाडी स्टँडवर घेऊन, ॲक्सलला जॅकचा आधार देऊन, पुढची ब्रॅकेटे सोडून ॲक्सलचे पुढचे टोक खाली झुकवायचे आणि ओढण्याच्या साधनाने बुश काढायचा. झुकवण्यापूर्वी ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबल क्लिपांतून मोकळ्या कराव्यात आणि कॉइल स्प्रिंगकडे लक्ष ठेवावे, कारण ॲक्सल फार खाली आला तर ती जागेवरून निसटते. बुशावरचा बाण किंवा उंचवटा ॲक्सलवरच्या खुणेशी जुळवणे येथे पुढच्या बुशांपेक्षाही महत्त्वाचे आहे.

काम झाल्यावर

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात काढावी. सरळ जाताना, हलका आणि मग जोरात ब्रेक लावताना, आणि दोन्ही बाजूंच्या वळणावर गाडी काय करते हे पाहावे. स्टिअरिंगचे चाक थोडे वाकडे राहिलेले दिसेल. बुश बदलल्यावर चाकांचे कोन बदलतात, म्हणून ते अपेक्षितच आहे. अलाइनमेंट करून घेणे येथे ऐच्छिक नाही. टो (वरून पाहताना चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत) आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाक किती कललेले आहे) दोन्हींची छापील मापे मागून घ्यावीत, आणि गाडीत स्थिरता नियंत्रण असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्यावा. मागचे बुश बदलले असतील तर मागच्या चाकांचीही मापे घ्यायला सांगावे. टॉर्शन बीमवर ती बहुधा जुळवता येत नाहीत, पण ॲक्सल सरळ बसला आहे की नाही हे त्यांवरून कळते.

काही शे किलोमीटर झाल्यावर गाडीखाली जाऊन मार्करच्या रेघा पाहाव्यात. रेघ तुटलेली, म्हणजे बोल्ट ब्रॅकेटच्या तुलनेत सरकलेला दिसला, तर गाडी वजनावर ठेवून तो बोल्ट सैल करावा, आट्या आणि नट तपासावेत, ताणला जाणारा बोल्ट किंवा नायलॉनचा नट असेल तर नवा घालावा आणि पुन्हा पूर्ण टॉर्क द्यावा. पॉलियुरेथेनच्या जागी कुरकुर सुरू झाली असेल तर वरून तेल फवारून ती थांबवण्याचा प्रयत्न करू नये. तो बोल्ट काढून, नळी पुसून, सिलिकॉनचे ग्रीस नव्याने भरावे.